कॉलेजच्या संगणक मदत कक्षाला पाचपैकी चार स्टार

मी आमच्याच कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर, यंदा सहावं वर्ष. बीए पण इथूनच केलंय, त्यामुळे लायब्ररीच्या शेजारचा हा कक्ष मी विद्यार्थी म्हणून पण वापरला आणि आता स्टाफ म्हणून पण वापरतेय. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि कुणाला उघडं पाडायला मी हे लिहीत नाहीये. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याच्या गावचं अनुदानित कॉलेज, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स, निम्म्याहून जास्त पोरं एसटीनं येतात, एवढं पुरे.

आधी खोलीबद्दल. पूर्वी इथं पेपर-मासिकं वाचायचा हॉल होता, ती लाकडी लांब टेबलं तशीच आहेत, त्यावरच कॉम्प्युटर मांडलेत. एकूण चौदा, दोन कायमचे बंद, चार नवे, बाकी आठ जुने. जुने म्हणजे सकाळी चालू करून चहा पिऊन आलं तरी गोल फिरतच असायचं, मग दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवल्या आणि रॅम वाढवली, तेव्हापासून मिनिटाच्या आत चालू होतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा मला वाटलं आता हे आठही भंगारात जाणार, कारण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप यांच्यात नाही. तर कक्षातल्या दादांनी दिवाळीच्या सुट्टीत आठही मशीनवर उबुंटू टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. पोरं आधी बिचकली, हे काय वेगळंच, वर्ड कुठंय. मग त्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या शिकवणीच्या व्हिडिओंमधले लिबरऑफिसचे (वर्डसारखंच, पण फुकट) मराठी भाग लावून दिले, दहा-दहा मिनिटांचे असतात, अर्ध्या स्क्रीनवर बघायचं आणि अर्ध्या स्क्रीनवर स्वतः करायचं. आठवड्याभरात तक्रार बंद.

दादा म्हणजे लॅब असिस्टंट, कंत्राटावर आहेत. पोरं पण दादा म्हणतात, आम्ही पण दादाच म्हणतो. त्यांची एकच पद्धत आहे आणि मला तीच या सगळ्या कक्षाची खरी किंमत वाटते, ते तुमच्या हातातला माउस घेत नाहीत. शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि सांगतात, आता वर उजवीकडं बघ, काय लिहिलंय, वाच मोठ्यानं. बाहेर नेट कॅफेत शंभर-दीडशे रुपयांत फॉर्म भरून मिळतो हे खरं, पण पासवर्ड काय ठेवला ते पोराला माहीत नसतं, मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा टाकलेला असतो, आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सगळं.

मागच्या फेब्रुवारीत मी तिथं प्रिंट काढायला गेले होते तेव्हाचं सांगते. एसवायची एक मुलगी आली, चेहरा पडलेला. म्हणाली, "दादा, सगळ्यांची स्कॉलरशिप आली, माझीच नाही आली." महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, तर पैसे जमा झाल्याचं दिसत होतं. दादांनी विचारलं, "आधारला जोडलेला मोबाइल कुणाकडं आहे?" "पप्पांकडं, ते तोडीला गेलेत कारखान्यावर." "मग लाव फोन. ओटीपी येईल तो तुला सांगा म्हण, आणि दुसऱ्या कुणी मागितला तर अजिबात द्यायचा नाही हे पण आत्ताच सांगून ठेव." पप्पा उसाच्या फडात, रेंज येतेय-जातेय, तिसऱ्या वेळी ओटीपी मिळाला. आधारच्या साइटवर बँक सीडिंगचं, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते दाखवणारं, पान उघडलं तर तिथं भलत्याच बँकेचं नाव. मग तिला आठवलं, दोन वर्षांपूर्वी गावात खातं उघडायचा कॅम्प लागला होता, तिथं तिनं अंगठा दिला होता. हे पैसे खाते नंबर बघून जात नाहीत, आधार नंबरवर जातात, म्हणजे ज्या खात्याला आधार शेवटी जोडलंय तिथं पडतात. पैसे सुरक्षित होते, त्या विसरलेल्या खात्यात. त्यासाठी तिनं कित्येक दिवस ऑफिसात आणि बँकेत चकरा मारल्या होत्या. पप्पांना फोनवर सांगताना तिचा आवाज असा काय सुटला, सगळी लॅब तिच्याकडं बघायला लागली. आणि खरं सांगायचं तर मला जास्त बरं वाटलं ते पुढच्या आठवड्यात, जेव्हा तीच मुलगी दुसऱ्या एकीला शेजारी बसवून तेच पान उघडून दाखवत होती.

आता माझ्या विषयातलं. आमच्याकडं गेल्या वर्षी एफवायला एक विद्यार्थिनी आली, तिला दिसत नाही. हुशार आहे, मराठी स्पेशल घ्यायचंय असं पहिल्याच दिवशी सांगितलं. कक्षात दरवाजाजवळचं नवं मशीन तिच्यासाठी, कारण एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, विंडोजवरच चालतो. मी तिला आमच्या निवृत्त झालेल्या विभागप्रमुख सरांच्या संत साहित्याच्या नोट्स दिल्या, साठ पानं टाइप केलेली, वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्याच वापरतो. तिनं हेडफोन लावला, दोन मिनिटं ऐकलं, आणि एक बाजू काढून माझ्याकडं दिली. "मॅडम, ऐका." मी ऐकलं तर आतून "ई, जे, के, बी, एच" असलं काहीतरी येत होतं. मला काहीच कळेना, समोर स्क्रीनवर तर स्वच्छ 'मराठी' लिहिलेलं दिसतंय.

दादांनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत आत इंग्रजी अक्षरंच असतात, म चं चित्र ई वर बसवलेलं, र चं जे वर, काना के वर, ठ बी वर, दुसरी वेलांटी एच वर. डोळ्यांना मराठी दिसतं, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र तिथं मराठी नसतंच. डोळ्यांनी वाचणाऱ्या आमच्यासारख्यांना इतकी वर्षं याचा पत्ताच लागला नाही आणि जिला फक्त ऐकू येतं तिला दोन मिनिटांत कळलं.

मग त्या फाइली युनिकोडमध्ये बदलायला घेतल्या, त्यात मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं. कन्व्हर्टरमधून टाकलं की झालं असं मला वाटलं होतं, तसं होत नाही. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी एक घर मागं-पुढं होते कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप करतात आणि युनिकोडमध्ये नंतर, 'दुसऱ्या'मधला र तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी फुटलेला. तीन दुपारी आम्ही बसलो, ती ऐकायची आणि अडलं की हात वर करायची, मी छापील कागदावर बघून बरोबर शब्द सांगायचे, दादा दुरुस्त करायचे. तुकारामांच्या अभंगांपाशी आम्ही सगळ्यात हळू गेलो कारण तिथं यंत्र अडखळलं तर फॉन्टमुळं अडखळलं का शब्दच जुना आहे हे ठरवायला लागायचं, आणि बऱ्याचदा ते तिनंच ठरवलं, घरी आजोबांचं भजनी मंडळ आहे, निम्मे अभंग तिला पाठ. साठ पानं पूर्ण झाली तेव्हा तिनं पहिल्यापासून सलग ऐकायला लावली, न थांबता. आता आमच्या विभागात नियमच केलाय, नवीन काहीही युनिकोडमध्येच. स्कॅन केलेली पुस्तकं असतील तर ती ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडायची, अक्षरं ओळखून मजकूर वेगळा होऊन येतो, स्वच्छ छपाई असेल तर चांगला येतो, जुनी पुसट छपाई असेल तर हातानं बरंच नीट करावं लागतं.

लायब्ररीच्या मॅडमचा पण यात वाटा आहे. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची एन-लिस्ट नावाची कॉलेजांसाठीची ऑनलाइन लायब्ररी आहे, तिची वर्गणी कॉलेज दरवर्षी भरतं, त्यात ६,००० च्या वर ई-जर्नल्स आणि लाखाहून जास्त ई-पुस्तकं आहेत, घरी बसून लॉगिन करून वाचता येतात, आणि मला पहिली तीन वर्षं हे कुणी सांगितलंच नव्हतं! मी नेट-सेटचा अभ्यास झेरॉक्स गोळा करून केला. आता मॅडम वर्ग सुरू झाले की ईमेलांची यादी घेतात आणि सगळ्यांचे आयडी काढून देतात, पीजीच्या पण आणि तासिकावाल्यांच्या पण. अर्थशास्त्र, राज्यशास्त्रवाल्यांना तर फारच उपयोग, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली त्यात आहे. मराठीसाठी त्यात फारसं नाही, म्हणून दादांनी प्रत्येक मशीनच्या ब्राउझरमध्ये वेगळी पट्टी करून ठेवलीय, मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाची फुकट पीडीएफ पुस्तकं, आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी, आणि शिकागो विद्यापीठाच्या साइटवरचा मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश. मोल्सवर्थवर पोरं आजीच्या तोंडचे शब्द शोधत बसतात, मधल्या सुट्टीत पण.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनबद्दल पण पोरं विचारतात, म्हणजे जर्नल्सची एकत्र वर्गणी भरायची केंद्र सरकारची योजना. ते १ जानेवारी २०२५ पासून चालू झालंय पण सरकारी संस्थांसाठी, आमचं खासगी संस्थेचं अनुदानित कॉलेज त्यात येत नाही, म्हणून एन-लिस्टच धरून बसा.

स्टाफसाठी काय मिळतं? तर इथं मी थोडी नाराज आहे. कॉलेजचा ईमेल असेल तरच क्लासरूम, मीट, ड्राइव्ह हे नीट मिळतं, आणि आम्हा तासिकावाल्यांना ईमेल मिळतो नेमणुकीची ऑर्डर आल्यावर. शिकवायला जुलैपासून लागतो, ऑर्डर हातात पडते सप्टेंबर-ऑक्टोबरला. तोपर्यंत नोट्स व्हॉट्सॲपवर. आणि वर्ष संपलं की अकाउंट बंद, त्यातलं आपण वर्षभर तयार केलेलं सगळं आत. यंदा दादांनी मार्चमध्येच आम्हा सगळ्यांना बोलावून गूगल टेकआउट (अकाउंटमधलं सगळं एकदम उतरवून घ्यायची सोय) वापरून सगळं स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्यायला शिकवलं, नाहीतर माझे प्रश्नसंच गेलेच होते. त्यांच्या हातात एवढंच होतं आणि त्यांनी ते केलं, पण ईमेल वर्षभर चालू ठेवायचा निर्णय वरच्या लोकांनी घ्यायला हवा, त्याला पैसे पण लागत नाहीत.

जागेचा प्रश्न पण आहे. गूगलनं २०२२ पासून शाळा-कॉलेजांची अमर्याद जागा बंद करून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी केली, आणि आमच्याकडं लॉकडाऊनमधल्या लेक्चरांचे व्हिडिओ अजून पडून होते. दादांनी प्रत्येक विभागात जाऊन आकारानं फाइली लावून दाखवल्या, काय ठेवायचं काय काढायचं ते ज्याचं त्याला ठरवू दिलं. काही सरांचे अडीच-अडीच तासांचे रेकॉर्डिंग होते ज्यात पहिली वीस मिनिटं "आवाज येतोय का" एवढंच.

एक स्टार का कापला ते सांगते. वेळ. साडेदहा ते चार. सायन्सच्या पोरांची प्रॅक्टिकल्स चारला सुटतात, सव्वाचारची एसटी, ती चुकली की थेट साडेसहाची. म्हणजे ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याच पोराला कक्ष बंद मिळतो. परीक्षेच्या काळात तर अजून वाईट, प्रश्नपत्रिका ऑनलाइन येतात, त्या उतरवायला आणि छापायला दादाच, आणि नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, माहिती भरायची वेळ आली की तिथं पण दादाच, तेव्हा पंधरा-पंधरा दिवस कक्षाला कुलूप असतं. एकाच माणसावर सगळं आहे आणि तो माणूस अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. मी हे प्राचार्यांना लेखी दिलंय, परत देईन. निदान कमवा-शिकातली दोन मुलं संध्याकाळी सहापर्यंत बसवा, ती तयार आहेत, दादा त्यांना शिकवायला पण तयार आहेत.

वाय-फाय कक्षात चांगलं, कॉरिडॉरमध्ये बरं, लेडीज कॉमन रूममध्ये अजिबात नाही, आणि मुली दुपारभर तिथंच असतात. प्रिंट दोन रुपये पान, टोनर महिन्याच्या शेवटी फिका पडतो, प्रोजेक्टची फायनल प्रिंट महिन्याच्या सुरुवातीला काढा.

नवीन पोरांनो, पहिल्यांदा जाताना आधारला जोडलेला मोबाइल सोबत न्या, किंवा तो ज्यांच्याकडं आहे त्यांना फोन उचलायला सांगून ठेवा. दहावीचं मार्कशीट न्या, कारण एबीसी आयडी (मिळवलेले क्रेडिट जमा होतात तो नंबर) काढताना डिजिलॉकरमध्ये (सरकारचं कागदपत्रं ठेवायचं ॲप) आधारवरचं नाव येतं आणि आपल्याकडं मार्कशीटवर आडनाव आधी असतं, तिथं बऱ्याच जणांचं अडतं. दाराशी वही आहे, त्यात नाव, वर्ग आणि काय अडलंय ते लिहा, नंबरानं बोलावतात. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी गर्दी कमी असते. आणि दरवाजाजवळचं मशीन रिकामं दिसलं तरी आधी विचारा, साडेअकराला ती येते.