रेफाइंड बूट मॅनेजर : मेन्यूतून विंडोज नाहीसे झाल्यानंतरचा अनुभव

माझ्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचे एक वितरण) आणि विंडोज अशा दोन प्रणाली आहेत. रोजचे काम डेबियनवर चालते; विंडोज लागते ते श्रीलिपीत जुळवलेल्या जुन्या पुस्तकांच्या फायली उघडण्यापुरते, म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा. डेबियन ११ वरून १२ वर गेल्यानंतर एका जुन्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी फाइल काढायची वेळ आली, तेव्हा ग्रबच्या (संगणक सुरू होताना कोणती प्रणाली उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूत विंडोजची ओळच दिसेना. दुरुस्तीच्या दुकानात ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात डेबियनमधून विंडोजचे पार्टिशन (डिस्कवरचा तिचा भाग) व्यवस्थित उघडत होते आणि सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. गेली होती ती फक्त मेन्यूतली ओळ. अशा वेळी फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी एवढे तरी प्रत्येकाने तपासावे.

ग्रब जो मेन्यू दाखवतो, तो ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञेने आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि तो लिहिताना संगणकावर आणखी कोणत्या प्रणाली आहेत हे शोधण्याचे काम ‘ओएस-प्रोबर’ नावाचा छोटा प्रोग्राम करतो. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून हा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो, कारण प्रत्येक पार्टिशन रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने गुपचूप उघडून पाहणे सुरक्षेच्या दृष्टीने बरे नाही, असे ग्रबच्या विकासकांचे मत पडले. डेबियन १२ च्या प्रकाशन-टिपांत हा बदल स्वच्छ नोंदवलेला आहे; मीच त्या न वाचता अपग्रेड केले. उपायही तिथेच दिला आहे: ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ हवी (मूळ फाइलमध्ये ही नावे रोमन लिपीत असतात); ती आधीपासून असून तिच्यापुढे # असेल, तर ते चिन्ह काढावे आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवावे. पाच मिनिटांत विंडोजची ओळ परत आली.

तरीही मी रेफाइंड हा बूट मॅनेजर, म्हणजे ग्रबसारखाच प्रणाली निवडू देणारा प्रोग्राम, बसवला, कारण लिहून ठेवलेली यादी शिळी होते ही अडचण त्या ओळीने सुटत नाही. रॉडरिक स्मिथ यांनी २०१२ मध्ये, इंटेल मॅकसाठी निघालेल्या रेफिट या जुन्या प्रकल्पातून रेफाइंड वेगळे काढले. ते विनामूल्य आहे आणि डेबियनच्या भांडारातही मिळते. बसवताना ईएफआय पार्टिशनवर (संगणक सुरू करणाऱ्या फायली असतात त्या डिस्कच्या भागावर) आपोआप बसवू का, असा प्रश्न येतो; ‘होय’ म्हटले की काम झाले. संगणक सुरू होताना दर वेळी ते डिस्क नव्याने पाहते आणि जे सापडेल त्याची चित्रे ओळीने मांडते. खात्रीसाठी लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला, तर कोपऱ्यात यूएसबीची बारीक खूण असलेले एक चित्र ओळीत वाढले; पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केले, तर ते गेले. कोणतीही आज्ञा चालवावी लागली नाही, आणि माझ्या मते याच एका गुणासाठी हे साधन घ्यावे.

गैरसोयीही आहेत. पहिल्याच दिवशी मला विंडोज, डेबियनचा ग्रब आणि थेट लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) अशी तीन चित्रे दिसली, आणि नवख्या माणसाला यांतले नेमके कोणते दाबावे हे कळणार नाही. नको असलेले चित्र निवडून डिलीट दाबले की ते लपवता येते. पण चुकून विंडोजच लपवले गेले, तर खालच्या ओळीतल्या लपवलेल्या नोंदींच्या चित्रातून ते परत आणता येते, हे आधी ठाऊक हवे. थांबण्याची मूळ मुदत २० सेकंदांची आहे, ती मला फार वाटली म्हणून ‘रेफाइंड.कॉन्फ’ मध्ये ५ केली. सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सहीचे प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर मात्र किल्ल्या नोंदवण्याचा खटाटोप वाढतो, आणि त्याचे मार्गदर्शन सविस्तर असले तरी वाचायला जड आहे.

दोन गोष्टी बसवण्यापूर्वीच पाहाव्यात. लिनक्समध्ये ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर दिसत नसेल, तर लिनक्स संगणक सुरू करण्याच्या जुन्या बायोस पद्धतीने सुरू झालेले आहे. एक प्रणाली जुन्या पद्धतीने आणि दुसरी यूईएफआय या नव्या पद्धतीने बसवलेली असेल, तर ग्रबचा शोध चालू करूनही विंडोज नीट सुरू होत नाही, आणि जिथे यूईएफआयच नाही तिथे रेफाइंडचा उपयोग नाही. दुसरे म्हणजे, विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बूटची साखळी बदलल्यावर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय यातल्या कशालाही हात लावू नये.

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर विंडोजचाच बूट मॅनेजर पुढे आला, तर डेबियनमधून ‘रेफाइंड-एमकेडिफॉल्ट’ ही आज्ञा चालवली की रेफाइंड पुन्हा पहिल्या क्रमांकावर येते. त्यासाठी आधी फर्मवेअरच्या (संगणकातल्या अंगभूत प्रोग्रामच्या) बूट मेन्यूतून डेबियन निवडून आत शिरावे लागते. ज्यांची फक्त ओळ गेली आहे आणि डिस्कवर पुढे काही फेरबदल करायचे नाहीत, त्यांनी ग्रबमधली दुरुस्ती करून थांबावे. मी स्वतः वारंवार वितरणे बदलून पाहतो, म्हणून मला रेफाइंड पाचपैकी चार गुणांचे वाटते. एक गुण सिक्युअर बूटच्या खटाटोपाचा वजा केला आहे. ग्रब मात्र मी काढून टाकलेला नाही, तोही त्या ओळीत उभा आहे.