टेंट, स्लीपिंग बॅग आणि मॅट: अख्खा हिवाळा वापरल्यावर (सहस्रकुंड, चिखलदरा)

दिवाळीच्या सेलमध्ये तिन्ही वस्तू घेतल्या, आता होळी झाली, मधल्या सगळ्या थंडीत भरपूर वापरून झाल्या म्हणून आता लिहायला बसलो. पहिल्या रात्रीचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात, पण हे सामान कसं आहे ते काळ्या मातीत आणि दवात महिने काढल्याशिवाय कळत नाही. कंपनीचं नाव टाकत नाही कारण या किमतीत चार-पाच जणांचा माल जवळपास सारखाच येतो.

आधीच सांगून टाकतो, तिघांत सगळ्यात कामाची निघाली ती मॅट. आणि तीच आपण शेवटी घेतो, उरलेल्या पैशात.

खरी परीक्षा झाली सहस्रकुंडला, डिसेंबरच्या कडाक्यात. मी, बायको, मोठा भाऊ आणि वहिनी, यवतमाळवरून आर्णी, महागाव, उमरखेड आणि मग आत ढाणकी-बिटरगावकडून. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, हा पैनगंगेवरचा धबधबा, नदीच्या अलीकडे आपलं यवतमाळ आणि पलीकडे इस्लापूरची बाजू म्हणजे नांदेड जिल्हा. पावसाळ्यात सगळं जग तिथे असतं, पाणी गढूळ आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. हिवाळ्यात पाणी बरंच कमी होतं पण मला तेव्हाच जास्त आवडतं, कारण काळा कातळ उघडा पडतो, पाण्याने कोरून कोरून केलेली कुंडं दिसतात, एकेक धार वेगळी दिसते आणि सहस्रकुंड हे नाव किती बरोबर आहे ते डोळ्यांनी कळतं. महादेवाचं दर्शन घेऊन आम्ही संध्याकाळ होईपर्यंत तिथेच बसून होतो, वहिनी तर उठायलाच तयार नव्हती.

टेंट मात्र नदीत किंवा काठाला लावू नका, कितीही सपाट जागा दिसू द्या. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे, पाणी सोडलं की पातळी वाढते, आणि तसंही रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागेतच येऊन बसते. आम्ही बऱ्याच वर, एका काकांना विचारून त्यांच्या वावरात धुऱ्याजवळ जागा घेतली. काका स्वतः हरभऱ्याच्या जागलीला होते, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी हिवाळाभर त्यांची झोप वावरातच. त्यांचं अंथरूण बघण्यासारखं होतं. खाली वीतभर कुटार म्हणजे मळणीचा भुसा, त्यावर दोन पोती, त्यावर वाकळ, आणि अंगावर एकच घोंगडी. आमच्या बॅगा बघून म्हणाले, "वरून कितीही घ्या, थंडी खालूनच येते बाप्पा."

आणि हे शंभर टक्के खरं आहे. स्लीपिंग बॅग गरम राहते ती आतल्या फायबरमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि आपण त्यावर झोपलो की पाठीखालचं फायबर दबून चपटं होतं, हवा निघून जाते, मग अंगातली ऊब सरळ जमिनीत. म्हणून मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते ती बघा, आकडा जितका मोठा तितकी थंडी कमी. फोमच्या घडीच्या मॅटची साधारण 2 असते आणि आपल्या इकडच्या हिवाळ्याला ती पुरते. नुसती हवा भरायची साधी मॅट मऊ लागते पण आतली हवा खेळत राहते आणि पाठ गार पडते, भावाने तीच आणली होती, मध्यरात्री त्याने काकांकडून कुटार मागून टेंटखाली पसरलं तेव्हा कुठे त्याला झोप लागली. आमची फोमची मॅट तुराट्यांच्या खुंटांवर टाकली, गाडीत कोंबली, तिच्यावर बसून रोडगे-वांग्याची भाजी खाल्ली, काही झालं नाही. कडा थोड्या दबल्यात, बस.

आता बॅग. हिच्यावर मोठ्या अक्षरात 5 डिग्री लिहिलंय. पण आतल्या लेबलवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे साधारण बाईमाणूस आरामात झोपेल ते तापमान, लिमिट म्हणजे पुरुष माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल. बाहेर मोठ्या अक्षरात छापलेला आमचा 5 हा लिमिटचा आकडा, कम्फर्ट 10. त्यामुळे त्याच रात्री, सारख्याच बॅगेत, सारख्याच मॅटवर मी निवांत आणि बायको कुडकुडत. घरातल्या बायांसाठी घेत असाल तर फक्त कम्फर्टचा आकडा बघा, बाकी सोडून द्या. आणि विदर्भात कसली थंडी असं म्हणू नका, 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 वर गेला होता, आणि उघड्या वावरात अजून जास्त लागते. चेन अजूनही नीट चालते पण आतलं कापड मध्येच अडकतं, अंधारात ओढाताण केली तर फाटेल.

टेंट दोन पदरी आहे आणि तसाच घ्या. पहाटे धबधब्याच्या बाजूने ओलसर हवा वर येत होती, आमच्या श्वासाचीही वाफ, बाहेरच्या पदराला आतून थेंब लागले होते, बोट लावलं की ओघळ खाली यायचा. आतला पदर कोरडा, पण बायकोच्या पायाकडची बाजू भिंतीला टेकली होती तिथे बॅग ओली झाली. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या जाळ्या बंद करतात, त्याने दव आतच साचतं, वरची जाळी उघडीच ठेवायची. झाडाखाली लावला तर दव बरंच कमी पडतं.

सोबत आलेल्या खुंट्या मात्र एकदम टाकाऊ. काळ्या मातीला भेगा पडल्या की त्या हाताने उपटून येतात आणि चिखलदऱ्याच्या मुरमात वाकतात. मी गावातल्या लोहाराकडून सळईच्या फूटभर लांब खुंट्या करून घेतल्या, वरून वाकवलेल्या. चिखलदरा सुमारे 1100 मीटरवर आहे, तिथे रात्री वाऱ्याने टेंटचं कापड फडफड वाजत होतं पण एक खुंटी हलली नाही. तिथे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे, जंगलात मनाने टेंट लावायचा नाही, आम्ही मुक्कामाच्या ठिकाणी आवारात परवानगीने लावला. भीमकुंडाला हिवाळ्यात पाणी नावालाच, पण कीचकाला जिथे ढकलला म्हणतात ती दरी धुक्यात बघण्यासाठी तरी जा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. टेंटमध्ये शेगडी, निखारे, गॅस काही म्हणजे काही पेटवू नका, जाळी उघडी असली तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. ऊब पाहिजे तर शेकोटी बाहेर, लांब, आणि झोपताना गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या, सकाळपर्यंत कोमट राहते.

नवीन घेणाऱ्यांनी पैसे आधी मॅटवर घाला, मग बॅग, टेंट मित्राचा मागून आणला तरी चालतो. आणि सीझन संपल्यावर बॅग तिच्या छोट्या पिशवीत दाबून ठेवू नका, फायबर बसतं आणि पुढच्या हिवाळ्यात ऊब कमी होते. आमच्या दोन्ही बॅगा सध्या उन्हात वाळवून जुन्या उशीच्या मोठ्या खोळीत सैल भरून माळ्यावर ठेवल्यात, बायकोसाठी कम्फर्टचा आकडा कमी असलेली, म्हणजे जास्त गरम, नवीन बघतोय, कोणी कम्फर्ट 0 च्या आसपासची वापरली असेल तर धुतल्यावर ती कशी राहते ते नक्की सांगा.