फॉइग्टलेंडर १५ मिमी, वर्षभरानंतर : फाइंडर तुटला आणि मत बदललं

या १५ मिमीच्या वाइड लेन्सचा अनुभव खरं तर दिवाळीतच लिहायचा होता. तेव्हा लिहिला असता तर "१५ च्या नादी लागू नका, सरळ २१ मिमी घ्या" असं लिहून मोकळी झाले असते. मध्ये फाइंडर, म्हणजे चौकट बघायला कॅमेऱ्यावर लावायची छोटी दुर्बीण, तुटला, त्यावरून दुकानात वाद झाला आणि त्यानंतरच्या काही रोल्सनी माझं मत पार फिरवलं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझ्याकडे बेसा आर-२ हा फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा आहे, म्हणजे त्यात लेन्समधून नाही तर वेगळ्या खिडकीतून बघायचं. त्यावर सुपर वाइड हेलियार १५ मिमी एफ/४.५, म्हणजे १९९९ ची पहिली, स्क्रू माउंटची आवृत्ती, लायकाच्या एम माउंटचा अडॅप्टर लावून. जोडीला कलर स्कोपार २१ मिमी एफ/४. दोन्ही लेन्स सेकंडहँड. फिल्म बहुतेक वेळा एचपी-५, कृष्णधवल. लेन्सचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, ते पुन्हा देत नाही. फक्त एक गोष्ट सांगते, कारण नवीन लोक तिलाच घाबरतात : ही पहिली आवृत्ती कॅमेऱ्यातल्या रेंजफाइंडरशी, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेशी, जोडलेली नाही, अंतर अंदाजाने लावायचं. त्याचा त्रास शून्य. लेन्सचं छिद्र एफ/८ वर आणि फोकसची रिंग १ मीटरवर ठेवली की अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं फोकसमध्ये येतं. मी ती रिंग महिनोन्महिने हलवत नाही.

त्रास आहे तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर. तिथे अ‍ॅक्सेसरी शू, म्हणजे जोडसामान सरकवून बसवायची खाच, एकच आहे. आर-२ च्या आतल्या फाइंडरमध्ये ३५ च्या पुढे वाइड चौकट नाही, म्हणून १५ साठी वरून वेगळा फाइंडर लागतो. आणि १५ मिमीला कॅमेरा जरा जरी वर झुकला तरी इमारती मागे कलंडतात, म्हणून पाणसळही लागते. दोघांनाही बसायला तोच शू. दोन शूंचा जोडपट्टा पूर्वी मिळायचा, अजूनही शोधला तर सापडतो, पण पत्र्याच्या त्या तुकड्याला आज जी किंमत मागतात ती द्यायची माझी तयारी नाही.

माझा ठाम आग्रह आहे की शहराचे फोटो काढण्यासाठी बनवलेल्या वाइड फाइंडरच्या आतच पाणसळीचा बुडबुडा दिसला पाहिजे. हे काही अवघड काम नाही. झाइसने १९६९ मध्ये १५ मिमीचा होलोगॉन अल्ट्रावाइड कॅमेरा काढला, तेव्हाच फाइंडरमधून पाणसळ दिसेल अशी सोय केली होती. लायकाच्या १६ ते २८ मिमीच्या युनिव्हर्सल वाइड अँगल फाइंडरमध्येही ती आहे. तो फाइंडर माझ्या दोन्ही लेन्सच्या एकत्रित किमतीलाही ऐकणार नाही, म्हणून तो विषय मी सोडून दिला.

तर मी वर्षातला मोठा काळ फाइंडर लावून, डोळ्याच्या अंदाजाने कॅमेरा सरळ धरत होते. फाइंडर कुठल्याशा दुसऱ्याच कंपनीचा होता, कारण मूळ फाइंडर आधीच्या मालकाकडेच हरवला होता. या काळातलं माझं मत असं होतं : १५ मध्ये सगळं येतं आणि हाती काही लागत नाही. ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवर घेतला तर निम्मी फिल्म नुसतं गवत, टॉवर काडीएवढा, तोही मागे रेललेला. २१ मात्र जागच्या जागी बसायची. कडेची माणसं कमी ताणली जातात, ३९ मिमीचा पिवळा फिल्टर लागतो, आकाशाला रंग येतो. पहिल्या १५ ला फिल्टरचे आटेच नाहीत, हूड पक्कं बसवलेलं आहे. कृष्णधवल फोटो काढणाऱ्याला हे खुपतंच. मुंबईचं एप्रिल-मेचं पांढरं आभाळ फिल्टरशिवाय कागदासारखं कोरं येतं.

मग चर्चगेटला गाडीतून उतरताना कुणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात फाइंडर अडकला आणि त्याचा प्लास्टिकचा पाय शूमध्येच तुटून राहिला.

फोर्टमधल्या एका दुकानात दाखवला. काउंटरवरच्या माणसाने हातातही न घेता सांगितलं, "मॅडम, नुसता पाय मिळत नाही. नवा पीस घ्या." मी म्हटलं, काच शाबूत आहे, चौकट शाबूत आहे, बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडलाय. "कंपनी पार्ट देत नाही," एवढंच उत्तर. नव्या फाइंडरची किंमत ऐकली तर लेन्सला दिलेल्या पैशांच्या जवळपास निम्मी. मला याचा मनापासून राग येतो. दोन स्क्रूंवर बसणारा पाय सुटा विकायचा नाही आणि चांगली काच कचऱ्यात टाकायला लावायची, हा व्यवहार मला पटत नाही. मी तिथून निघाले आणि शूमध्ये बसणारी चिमुकली पाणसळ मागवली. काहीशे रुपयांत काम झालं. फाइंडर मिळेपर्यंत तिच्यावरच भागवू, असा विचार होता.

इथून मत बदलायला सुरुवात झाली.

फाइंडर नाही म्हटल्यावर चौकटीत काय येईल हे हिशेबाने ठरवावं लागलं, आणि हिशेब फार सोपा निघाला. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिमी. ३६ ला १५ ने भागा : २.४. म्हणजे इमारत जितकी दूर, तिच्या २.४ पट रुंदी आडव्या फोटोत मावते. उंची २४ भागिले १५, म्हणजे १.६ पट. आता कॅमेरा पाणसळीत आहे, म्हणजे क्षितिज बरोबर मधोमध. म्हणून त्या १.६ मधला निम्माच भाग, अंतराच्या ०.८ पट, डोळ्याच्या पातळीच्या वर. कॅमेरा उभा धरला तर १.२ पट. २१ साठी हेच आकडे ०.५७ आणि ०.८६.

हे चार आकडे पाठ झाले आणि मला गिरगावातल्या गल्ल्या वेगळ्या दिसायला लागल्या. गल्ली ८ मीटर रुंद धरा. समोरच्या भिंतीला पाठ टेकून १५ उभी, सरळ धरली तर जमिनीपासून साधारण ११ मीटरपर्यंत मिळतं. तळमजला अधिक दोन मजल्यांची चाळ छपरासकट येते, खांब सरळ, गॅलऱ्यांचे कठडे आडवे. त्याच जागी २१ साधारण साडेआठ मीटरवर थांबते आणि वरच्या मजल्याची मान कापते. मागे सरकायला जागा नसतेच, पाठीमागे दुसरी चाळ असते. कॅमेरा वर करायचा म्हणजे चाळ मागे पडली. तर अशा ठिकाणी १५ ला पर्याय नाही.

उलट ओव्हलवर १५ ची गरजच नाही. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच. २१ उभी, सरळ धरून टॉवरपासून शंभरेक मीटरवर उभं राहिलं की तो पूर्ण येतो, आणि मैदानात तेवढी मोकळी जागा आहे. तिथे मी १५ लावून तिला दोष देत होते, पण मैदान हे तिचं कामच नाही.

खालच्या निम्म्या चौकटीचं काय, हा खरा प्रश्न. कॅमेरा सरळ धरला की निम्मा फोटो जमिनीचा, हे टळत नाही. माझ्याकडे याची दोन उत्तरं आहेत. एक, जमीनच बघण्यासारखी असेल तिथे जा. एशियाटिकचा टाउन हॉल याचं उत्तम उदाहरण : समोर उभं राहिलं की खालचा भाग त्या ३० पायऱ्या आणि त्यांवर बसलेली माणसंच भरतात, वर डोरिक खांबांची रांग. पावसात ओला रस्ताही चालतो, झेब्राचे पट्टे चालतात. दुसरं उत्तर, स्वतः वर जा. मुंबईत रेल्वेचे पादचारी पूल आहेत, स्कायवॉक आहेत, जिने आहेत. कॅमेरा पाचसहा मीटर वर गेला की क्षितिज पहिल्या मजल्याशी येतं, रस्ता खाली नीट पसरतो आणि वरचा मजला सरळ उभा राहतो.

त्याहून चांगली जागा म्हणजे समोरच्या चाळीची गॅलरी. तिथल्या एका आजींना विचारलं, "आजी, तुमच्या गॅलरीतून समोरच्या चाळीचा एक फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ की. पण आधी वाळत घातलेले कपडे सरकवते, ते कशाला यायला हवेत?" मी त्यांना कपडे राहू द्या म्हटलं, कारण ८ मीटरवर आडव्या १५ मध्ये त्या पहिल्या मजल्यावरून समोरची १९ मीटर रुंदी मिळत होती आणि कपड्यांच्या दोऱ्या दोन्ही चाळींना जोडत होत्या. वर्षभरातला माझा सगळ्यात आवडता निगेटिव्ह तोच आहे. फाइंडर असता तर मी तो डोळ्याला लावून चौकट शोधत बसले असते आणि पाणसळ खिशात राहिली असती.

कडेच्या ताणाबद्दल. १५ मध्ये आडव्या कडेला असलेली गोल वस्तू दीडपटीहून थोडी जास्त रुंद दिसते. २१ ला सुमारे १.३ पट. म्हणून कडेला माणूस नको, टॅक्सी तर नकोच, ती लांबलचक गाडी होऊन बसते. कडेला सपाट गोष्टी ठेवा : भिंत, शटर, खिडक्यांची रांग. फिल्मला समांतर असलेला सपाट पृष्ठभाग ताणला जात नाही. ही लेन्सची खोट नाही, सपाट फिल्मवर इतका रुंद देखावा पडला की भूमितीने हे व्हायचंच. आणि समांतर धरली तर हेलियारच्या रेषा इतक्या सरळ येतात की कठडे पट्टीने आखल्यासारखे वाटतात. रेंजफाइंडरला मध्ये आरसा नसल्यामुळे लेन्सची मागची काच फिल्मजवळ नेता येते, त्याचा हा फायदा.

त्याच रचनेमुळे कोपरे काळवंडतात. गणिताने टोकाला तीन स्टॉपच्या आसपास, म्हणजे तीनदा निम्मा केल्याइतका, प्रकाश कमी पडतो. प्रिंट काढताना मी चारही कोपऱ्यांना कमी एक्सपोजर देते, आकाश असेल तर तसंच सोडते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर मात्र आकाशाने फसतो : चौकटीत एवढं आभाळ येतं की जमीन काळी पडते. कॅमेरा खाली वळवून रस्त्यावर मीटर घ्या, मग सरळ करा. लायकाचा डिजिटल एम कॅमेरा वापरणाऱ्यांनी ही पहिली आवृत्ती घेऊ नये, तिरपे किरण सेन्सरच्या कडांना जांभळट छटा देतात. त्यांच्यासाठी २०१५ ची तिसरी आवृत्ती आहे, ती त्यासाठीच नव्याने आखलेली आहे. ती मोठी आणि जड आहे. माझी पहिली आवृत्ती जेमतेम १०५ ग्रॅमची, शर्टाच्या खिशात राहते, आणि फिल्मवर मला तेवढी पुरते.

मुंबईकरांनी बुरशीचं मनावर घ्या. लेन्स, फाइंडर दोन्ही हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून. फाइंडरच्या काचेलाही बुरशी धरते हे लोक विसरतात.

आता फाइंडरचं पुढे काय झालं ते. मोडका पाय घेऊन मी नागदेवी स्ट्रीटजवळच्या एका लेथवाल्याकडे गेले. मिस्त्रींनी कॅमेऱ्याचा शू व्हर्नियरने मोजला, तुटका तुकडा उलटासुलटा केला आणि म्हणाले, "ताई, पितळेचा करून देतो, मग हा तुमच्या नातवंडांना पुरेल." दुसऱ्या दिवशी दिला. शूमध्ये जराही हलत नाही. दुकानात सांगितलेल्या किमतीपुढे मजुरी इतकी किरकोळ होती की मी मागितले त्यापेक्षा जास्त पैसे ठेवले.

तरीही फाइंडर आता शूमध्ये परत गेलेला नाही. शूवर पाणसळ कायमची बसली आहे. फाइंडर खिशात असतो, जागा बघताना नुसता डोळ्याला लावून चौकट पाहते, मग कॅमेरा छातीशी धरून बुडबुडा मध्ये आणते आणि बटण दाबते. चौकट थोडी इकडेतिकडे होते, प्रिंटमध्ये कापता येते. कललेली चाळ मात्र एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह कागदावर मोठी करताना, सरळ करायला बसलं की कागद फुकट जातो आणि कडा बिघडतात.

२१ विकलेली नाही. मैदान, चौपाटी, बॅलार्ड इस्टेटचे रुंद रस्ते यांसाठी तीच, पिवळ्या फिल्टरसकट. पण दोन्हींपैकी एकच घ्यायची असेल आणि तुमचं काम जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांचं असेल, तर १५ घ्या. आधी तुमच्या नेहमीच्या गल्लीची रुंदी पावलांनी मोजा आणि वरच्या गुणाकारात बसवून पाहा.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा मागच्या काचेवर टॉर्च मारा, फोकस रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा, अडॅप्टर घट्ट बसतो का ते तपासा. फाइंडर नसलेली लेन्स लोक अर्धवट समजून टाळतात. तशीच शोधा, आणि त्या फाइंडरच्या नावाने किंमत भरपूर खाली मागा.