खरेदी सूचना आली: रोख मोबदला की टीडीआर?

विकास आराखड्यात मैदान, शाळा, मंडई अशी आरक्षणे पडतात आणि दहा वर्षे फाईल हलत नाही. मग जागामालक एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम 127 खाली खरेदी सूचना बजावतो, म्हणजे जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा, असे लेखी कळवतो. तिथून नगरपरिषदेकडे 24 महिने उरतात. 2015 च्या दुरुस्तीआधी 12 च होते. तेवढ्यात मुख्याधिकारी, नगरसेवक आणि पॅनेलवरच्या वकिलांना ठरवायचे असते: पैसे द्यायचे की टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क?

पैशाच्या मार्गाला, म्हणजे भूसंपादनाला, मालकाची संमती लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. खर्च मात्र जड आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे शहरी जागा सरळ दुप्पट भावात पडते. पण नगरपरिषदा हरतात त्या बहुतेकदा वेगळ्याच कारणाने. सभेत ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव धाडला, आता आपण सुरक्षित, असा समज असतो. तो चुकीचा आहे. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितले की नुसता ठराव किंवा पत्र म्हणजे संपादनाची पावले नव्हेत. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात 2013 मध्ये तेच पुन्हा ठासून सांगितले. राजपत्रात संपादनाची अधिघोषणा (सरकारची अधिकृत घोषणा) निघेल इथपर्यंत काम जायला हवे. म्हणून वकिलाने पहिल्याच महिन्यात मालकीची कागदपत्रे तपासावीत, मोजणीचा अर्ज करायला लावावा आणि अंदाजपत्रकात तरतूद आहे का, हे लेखी विचारावे.

टीडीआरने तिजोरीला हात लागत नाही. 2020 च्या एकत्रित नियमावलीत विरळ भागात जागेच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. ऐकायला छान, पण मालकाने हो म्हटले तरच. पुण्या-ठाण्यात टीडीआरला गिऱ्हाईक आहे. ज्या गावात बिल्डर मूळ एफएसआयच (भूखंडावर परवानगी असलेले बांधकाम) पुरता वापरत नाहीत, तिथे तो कागद घेणार कोण? अशा ठिकाणी मालकाची मनधरणी करण्यात वर्ष घालवणे मला धोक्याचे वाटते. प्रस्ताव जरूर द्यावा, पण उत्तराला तीन महिन्यांची लेखी मुदत घालावी आणि भूसंपादनाची फाईल त्याच वेळी पुढे न्यावी.

पैसा एकाच जागेपुरता असेल, तर प्रभागातले एकमेव मैदान आधी घ्यावे. जवळ दुसरी मंडई असेल तर मंडईचे आरक्षण सोडता येते. मात्र ते सभेत कारणे नोंदवून सोडावे. मुदत उलटू देऊन आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले, तर शेजारच्या जमिनीसारखेच बांधकाम तिथे उभे राहते आणि नागरिकांना विचारायलाही जागा उरत नाही.