जिवंत आमिषाच्या घरगुती टाकीसाठी बॅटरीवरचा एअर पंप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऐरोलीत राहून ठाण्याच्या खाडीत गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्या, माझ्यासारख्या नोकरदार माणसाला आमिष मिळते ते ओहोटीच्या वेळेवर आणि सुट्टी मिळते ती कार्यालयाच्या सोयीने. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी क्वचितच जुळून येतात. गुरुवारी हाती आलेली कोळंबी आणि बोई माशाची पिल्ले रविवारच्या भरतीपर्यंत तरतरीत राहावीत, यासाठी मी घरच्या गॅलरीत पन्नास लिटरच्या जुन्या आइसबॉक्सची टाकी तयार केली आणि गेल्या ऑक्टोबरात तिच्यासाठी चार्जिंगचा, दोन नळ्यांचा एअर पंप विकत घेतला. हाच पंप बाजारात तीन-चार वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत मिळतो, त्यामुळे नावापेक्षा त्याच्या कामाविषयीच लिहिणे उपयोगाचे ठरेल.

पंप तळहातावर मावेल एवढा असून मला तो साडेआठशे रुपयांना पडला. सोबत दोन नळ्या आणि दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र खडे) मिळाले. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर तो चाळीस तास चालेल असे खोक्यावर छापलेले आहे, परंतु मी चार वेळा घड्याळ लावून पाहिले, तेव्हा सलग चालवल्यास तो बावीस ते चोवीस तासांत थांबला. काही सेकंद चालून काही सेकंद थांबण्याची जी दुसरी पद्धत त्यात आहे, तीवर चाळीस तास निघत असतील. मात्र भरलेल्या टाकीसाठी, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, ती पद्धत वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी जितके गरम आणि जितके खारे, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी असतो. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात तो जेमतेम ६ मिलिग्रॅमच्या आसपास उरतो. उन्हाळ्यात कोळंबीची भूक आणि श्वसन दोन्ही वाढलेले असताना नेमका साठाच आटलेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत हवेत खंड पडणे परवडत नाही.

प्रवासासाठी मात्र हा पंप मला मनापासून आवडला. ऐरोलीहून सारसोळ्याच्या किंवा दिवाळ्याच्या जेट्टीपर्यंत स्कूटरवरून वीस लिटरची बादली नेताना पूर्वी चार-पाच कोळंब्या वाटेतच मरत असत, कारण पाणी हिंदकळते म्हणजे त्यात हवा मिसळते अशी माझी समजूत होती. पंप बादलीच्या कडीला बांधून नेऊ लागल्यापासून हे नुकसान जवळजवळ थांबले आहे. जिताडा हा शिकारी मासा जिवंत आमिष अधिक आत्मविश्वासाने घेतो, हे गरवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, लावल्यानंतरही मिशा हलवणारी कोळंबी आणि नुसती ताजी कोळंबी यांत किती फरक पडतो, हे मी या हंगामात अनेकदा अनुभवले.

दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे, पंपात पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह नाही. पंप टाकीच्या पातळीखाली ठेवला आणि बॅटरी संपली, तर नळीतून सायफन होऊन पाणी थेट पंपात उतरते. डिसेंबरात माझ्या बाबतीत हेच घडले. पंप कसाबसा वाचला, पण गॅलरी भिजली. मत्स्यालयाच्या कोणत्याही दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नळीत बसवावा, किंवा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा. दुसरी उणीव एअर स्टोनची आहे. खाऱ्या पाण्यात त्यांची छिद्रे दोन महिन्यांत बुजतात, हवा अडते आणि पंपातल्या रबरी पडद्यावर ताण येतो. आवाज बदलला की स्टोन बदलायची वेळ झाली, असे समजावे.

आता टाकीविषयी, कारण पंप कितीही चांगला असला तरी तो टाकीचे दोष झाकू शकत नाही. माझी पहिली टाकी आइसबॉक्सची नव्हती. औद्योगिक पट्ट्यात भंगारवाल्यांकडे निळी प्लास्टिकची पिंपे स्वस्तात मिळतात, त्यांतले एक कापून मी टाकी केली होती. पिंप साबणाने तीन वेळा धुतले, उन्हात वाळवले, वासही येत नव्हता. तरीही पहिल्याच रात्री त्यातली सगळी कोळंबी मेली. त्यात आधी कोणते रसायन होते हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन धुऊन जात नाही, हे मला फार उशिरा कळले. जुने पिंप घ्यायचेच असेल, तर खाद्यपदार्थ साठवलेलेच घ्यावे. त्याच कारणाने टाकीत पितळी तोटी किंवा तांब्याची तारही नको, कारण विरघळलेले तांबे कोळंबीला माशांपेक्षाही अधिक घातक ठरते. याच यादीत डासांचा स्प्रे येतो. तो संध्याकाळी घरात मारला आणि गॅलरीतला पंप तीच हवा पाण्यात ढकलत राहिला, तर सकाळी टाकीत काही उरत नाही.

आइसबॉक्सचा मोठा फायदा म्हणजे त्याच्या भिंतींत भरलेला फोम. माझी गॅलरी पश्चिमेकडची आहे आणि दुपारी तीननंतर तिथे उभे राहवत नाही, तरीही आतल्या पाण्याचे तापमान हळूहळू बदलते. फार तापले तर गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली आत सोडतो. सुटा बर्फ कधीही टाकत नाही, कारण तो वितळताना पाण्याचा खारेपणा घटवतो आणि नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही सोबत आणतो. बोईची पिल्ले चौकोनी टाकीच्या कोपऱ्यांत गर्दी करून एकमेकांना घासतात, खवले निघतात. म्हणून कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चटईचे वाकवलेले तुकडे बसवून आतला भाग गोलसर केला आहे. झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली आहे, कारण रात्री कोळंबी उड्या मारते.

ज्या वस्तूवर मी सर्वांत कमी खर्च केला आणि जिने सर्वांत जास्त काम केले, ती म्हणजे स्पंज फिल्टर. पंपाची एक नळी साध्या एअर स्टोनला आणि दुसरी या स्पंजला जोडली आहे. बंद टाकीत कोळंबी गुदमरून मरते त्यापेक्षा अधिक वेळा ती स्वतःच्याच मलमूत्रातून तयार होणाऱ्या अमोनियाने मरते, आणि हवा कितीही सोडली तरी तो अमोनिया नाहीसा होत नाही. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात, परंतु त्यांची वाढ पुरेशी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मी दर दिवसाआड एक तृतीयांश पाणी बदलत होतो. दिवा कोळीवाड्यातले एक जाणते काका, ज्यांच्याकडून मी कोळंबी घेतो, त्यांनी टाकीवरचा फेस पाहून लगेच विचारले होते, “पाणी कधी बदललं होतंस?” पाण्यावर न फुटणारा फेस साचू लागला की पाणी खराब झाले, ही खूण त्यांच्याकडूनच शिकलो. स्पंज नळाखाली धुवू नये. टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, म्हणजे जिवाणू टिकतात.

पाणी मी भरती चढताना खाडीतूनच कॅनमध्ये आणतो. त्याचा खारेपणा पावसाळ्यात एकदम उतरतो, त्यामुळे जुन्या पाण्यात नवे पाणी हळूहळू, तासाभराच्या अवधीत मिसळावे लागते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, पण मीठ टाकीतच राहते. म्हणून घटलेली पातळी भरताना गोडे पाणीच घालावे, तेही क्लोरीन काढलेले. सुरुवातीला मी तिथेही खारे पाणी घालत होतो आणि खारेपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा का चढतो, हे मला आठवडाभर समजत नव्हते.

पन्नास लिटरमध्ये तीसपेक्षा अधिक कोळंबी मी ठेवत नाही. कात टाकलेली मऊ कोळंबी इतरांच्या तावडीत सापडते, म्हणून आत पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकून लपायला जागा केली आहे. दोन-तीन दिवसांसाठी खाणे अजिबात घालत नाही. उरलेले आमिष जिथून आणले त्याच खाडीत परत सोडतो. शेततळ्यातली व्हेनामी कोळंबी मात्र ठाण्याच्या खाडीत कधीही सोडू नये, कारण ती मुळात पॅसिफिक किनाऱ्यावरची जात आहे.

आठवड्यातून एकदा, भरतीला गरवायला जाणाऱ्याने आणि बादलीतून आमिष दूर नेणाऱ्याने हा पंप जरूर घ्यावा. घरच्या टाकीला मात्र विजेवरचा साधा पंप मुख्य ठेवून हा राखीव ठेवावा. मीही फेब्रुवारीपासून तेच करत आहे, आणि मे महिन्यात एका रात्री पाच तास वीज गेली, तेव्हा टाकीतल्या अठ्ठावीस कोळंब्यांपैकी एकही दगावली नाही.