नऊ फिनचा ऑइल हीटर, दोन लहान मुलं आणि धुळ्याची थंडी: अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर

घेण्याआधी रिव्ह्यू शोधले तर सगळे दिल्ली-चंदीगडवाल्यांचे, आपल्याकडचं कोणी काही लिहिलेलंच नाही, बाहेरच्यांना वाटतं खान्देशात फक्त उन्हाळाच असतो म्हणून. मे महिन्यात ४४ झेलणाऱ्या धुळ्यात जानेवारीत पहाटे पारा सहा-सातवर येतो, कधी त्याच्याही खाली, कृषी महाविद्यालयाचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात असतोच. आणि दुपारी तेच २८. पोरं दुपारी बनियनवर खेळतात आणि पहाटे चारला हातपाय आखडून झोपलेली असतात.

आमचं घर धुळ्यातच, देवपूरला, वरचा मजला, डोक्यावर सरळ स्लॅब, बेडरूम उत्तरेच्या बाजूला. हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री भराभर थंड होतो आणि सगळ्यात जास्त गारठा सूर्य उगवायच्या जरा आधी. मुलगी चार वर्षांची, मुलगा या हिवाळ्यात आठ-नऊ महिन्यांचा. मुलगी रात्रभर पांघरूण लाथाडते आणि लहान्याला तर जाड पांघरूण घालायचंच नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून खोलीच गरम ठेवायची ठरवली.

सासूबाईंचा पहिला डायलॉग, "हाई कसाले जोयजे व माय, आमना टाइमले कोठे व्हतं हाई." त्यांचं म्हणणं शेगडीत थोडे निखारे घालून कोपऱ्यात ठेवायचे. तेवढ्या एका गोष्टीला मी ठाम नाही म्हणाले. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. जुन्या घरांना कौलं होती, फटी होत्या, आताच्या स्लॅबच्या खोलीत दार-खिडकी लावली की हवा कोंडते. शेकोटी अंगणात, मोकळ्यावर, तिथे माझी काहीच हरकत नाही.

आता हीटर. नऊ फिन, म्हणजे पत्र्याच्या नऊ उभ्या पोकळ पात्या, ८००, १२०० आणि २००० वॉट अशा तीन पायऱ्या, एक थर्मोस्टॅटचा नॉब, खाली चाकं. किंमत साधारण आठ-नऊ हजारांच्या आसपास. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो यात तेल कोणतं टाकायचं आणि कधी बदलायचं, आमच्या मामांनी तर शेंगदाण्याचं चालेल का असंही विचारून घेतलं. तेल आतच सीलबंद असतं, ते जळत नाही, नुसतं तापून फिनमधून उष्णता देतं, त्यामुळे बदलायचा काही प्रश्नच नाही. "हीटर ऑक्सिजन खातो" हेही खूप ऐकलं, यात काही पेटतच नाही तर खाणार काय.

तापायला वेळ लागतो हे आधीच सांगते. ब्लोअरसारखं लावलं की लगेच गरम, असं नाहीये. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला झोपायच्या तासभर आधी २००० वर लावावा लागतो, मग ८०० वर आणून थर्मोस्टॅट मधल्या खुणेच्या जरा खाली. पण एकदा तापला की लाइट गेली तरी अर्धा-पाऊण तास ऊब राहते, हे आपल्याकडे महत्त्वाचं. आवाज जवळजवळ नाही, फक्त तापताना आणि गार होताना पत्र्याची टक टक होते, सुरुवातीला लहाना त्याने दचकायचा, आठवड्यात सवय झाली. नवीन असताना पहिले काही तास वास येतो, तो मुलं खोलीत नसताना खिडक्या उघड्या टाकून घालवून टाका. नॉबवर अंश लिहिलेले नाहीत, नुसत्या एक ते सहा खुणा, म्हणून तीन-चारशेचं डिजिटल थर्मामीटर भिंतीला लावलंय, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं. माझ्या मते हीटरपेक्षा आधी ते घ्या.

कारण त्या थर्मामीटरनेच खरी गोष्ट दाखवली. पहिल्या दिवसांत हीटर रात्रभर चालू आणि खोली सतराच्या वर जाईना. गंमत म्हणजे पलंगाच्या डोक्याशी १७ आणि खिडकीखाली १४. खिडकीत काय तर कूलर! आपल्याकडे प्रत्येक घरात एक खिडकी कूलरला दिलेली असते, उन्हाळा संपला की पाणी काढून टाकतो, फार तर वरून एक जुनी चादर, पण कूलर तिथेच. त्याचं गवत सुकून विरळ झालेलं, त्यातून उत्तरेचं वारं सरळ आत, पंख्याचं पातं वाऱ्याने आपोआप हळूहळू फिरताना मी बघितलंय. म्हणजे आम्ही पैसे देऊन पांझरा नदीचा काठ गरम करत होतो. मग ह्यांनी बाहेरून ताडपत्री गच्च बांधली, आतून कूलरच्या तोंडाच्या मापाचा थर्माकोल कापून टेपने बसवला, खिडकीच्या सरकत्या काचांच्या फटीत फोमची पट्टी. दाराखालच्या फटीला काही केलं नाही, ती मुद्दाम ठेवली, हवा खेळायला पाहिजे. खर्च दोनशे रुपये पण नाही आणि त्याच हीटरवर खोली एकोणीस-वीसवर टिकायला लागली, शिवाय हीटर मधूनमधून आपोआप बंद पडायला लागला, जो आधी पडतच नव्हता.

किती गरम ठेवायची? ब्रिटनमध्ये बाळाच्या खोलीला १६ ते २० अंश सांगतात. आपल्याकडच्या घरात ते ऐकून सगळे हसतात, सोळा म्हणजे आपल्याला हिमालय. आम्ही एकोणीसच्या आसपास ठेवतो, त्याच्या वर गेलं की लहाना घामेजतो आणि चिडचिड करतो. बाळाला गार वाटतंय का हे हाताला लावून बघू नका, हातपाय गारच असतात, मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवायचा. तिथे ऊब असली तर पुरे, ओलसर लागलं तर एक थर काढा. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ उशी, सैल चादर, गोधडी काहीच नको, तोंडावर आली तर त्याला बाजूला करता येत नाही. त्याला बनियन, वर पूर्ण बाह्यांचं झबलं आणि बिनहाताचं चेनवालं स्लीपिंग सॅक, झालं. कानटोपीवरून आमच्याकडे रोज तह होतो. बाहेर जाताना हवीच, पण घरात झोपताना नाही, बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता डोक्यातूनही निघते. मी झोपताना काढते, सासूबाई पहाटे पूजेला उठल्या की परत घालतात. मुलीला मात्र आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, तिच्यापुढे बाजारातल्या ब्लँकेटचं काही खरं नाही.

खोली गरम झाली की हवा अजून कोरडी होते, आर्द्रता तिशीच्या खाली गेलेली मी बघितली आहे. मुलीचं नाक सकाळी चोंदलेलं आणि आतून सुकलेलं असायचं. आता खोलीत दोरीवर एक ओला टॉवेल असतो (हीटरवर नाही, हीटरवर काहीही वाळत टाकायचं नाही) आणि गरज पडली तर नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, मेडिकलवाले. कापराची पुरचुंडी उशाशी ठेवतात बरेच जण, दोन वर्षांच्या आतल्या मुलांजवळ ते अजिबात करू नका, कापूर लहान मुलांना बाधतो, पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

वायरिंगचं आधी बघा. २००० वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, साध्या टीव्हीच्या प्लगला किंवा एक्स्टेन्शन बोर्डला हे लावायचं नाही, प्लग वितळतो. गीझरसारखा पॉवर पॉइंट पाहिजे आणि अर्थिंग नीट पाहिजे. आमच्या खोलीत नव्हता, इलेक्ट्रिशियनला बोलवून जाड वायर ओढून घेतली, ते पैसे किमतीत धरा. व्होल्टेज कमी असलं तर हीटर पण मंद, २३० च्या जागी २०० आलं तर २००० वॉटचा पंधराशेच होतो. शिरपूरच्या नणंदेने तोच घेतला आणि म्हणते काही तापत नाही, तिच्या गावात संध्याकाळी व्होल्टेजच नसतं. इन्व्हर्टरवर तर विचारूच नका.

बिल: फटी बंद केल्यावर रात्रीला चार ते पाच युनिट, म्हणजे महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट वाढतात. दुखतं ते वीजदराच्या टप्प्यांमुळे, १०० नंतरचं युनिट महाग आणि ३०० ओलांडलं की अजून महाग. म्हणून डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारी संपेपर्यंतच रोज लावला, बाकी दिवस फक्त झोपण्याआधी तासभर.

नावडलेलं पण सांगते. वायर जेमतेम दीड मीटर. लाल इंडिकेटर एवढा प्रखर की त्यावर काळी टेप लावली. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, रांगणाऱ्या पोराला चटका बसेल इतका, म्हणून पलंगापासून तीन फूट लांब आणि पुढे आडवी ठेवलेली जाळी. कलंडला तर बंद होतो, हे मी स्वतः तिरपा करून तपासलं. जानेवारीत नॉब सैल झाला, सर्व्हिस सेंटरवाला म्हणे जळगावला आणून द्या, पंधरा दिवस लागतील. ऐन थंडीत पंधरा दिवस! नॉबच्या आत कागदाची घडी घातली, अजून तशीच चालतेय.

रावेरकडे मामांची केळी आहे, त्यांच्या बागेला त्याच आठवड्यात चरका बसला, म्हणजे थंडीने केळी करपली, ते रात्रभर पाणी भरत आणि बांधावर धूर करत होते. फोनवर म्हणाले, तुझ्या हीटरला मोठी वायर मिळाली तर इकडे पाठव.

ज्यांची खोली मधल्या मजल्यावर किंवा दक्षिणेला आहे त्यांनी आधी फक्त कूलरची खिडकी बंद करून चार रात्री थर्मामीटर बघा, बहुतेकांना एवढ्या पैशांचा हीटर लागणारच नाही. वरचा मजला आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर घ्या, नऊ फिन पुरतो, अकरा-तेराच्या नादी लागू नका. आणि घ्यायचा तर दिवाळीच्या आसपास, जानेवारीत धुळ्याच्या दुकानांत मिळत नाही आणि ऑनलाइनवाला येईपर्यंत थंडी निघून जाते.