रेट्रो पार्टी : डीजेला पाच स्टार, ड्रेपरीवाल्याला दोन

आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून आम्ही दोघी बहिणींनी सोसायटीच्या हॉलमध्ये रेट्रो डान्स पार्टी ठेवली होती, 60 माणसं आणि त्यातली निम्मी साठीच्या पुढची.

आधी डीजेबद्दल, कारण पार्टी त्याच्यामुळेच झाली. तीन जणांशी बोललो होतो, दोघांनी लगेच "रेट्रो ना, रिमिक्स आहेत आपल्याकडे" म्हटलं. या मुलाने मात्र पहिला प्रश्न विचारला की नाचणारे कोण आहेत, वयं काय, आणि मग सांगितलं की ओरिजिनलच लावू. त्याने कारणही सांगितलं ते मला फार पटलं, जुन्या गाण्यात सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे, मशीनचा ठेका नसायचा, त्यामुळे लय जराशी पुढेमागे होते आणि दोन गाणी ठोक्याला ठोका जुळवून जोडायला गेलं की घसरतात. म्हणून तो गाणं जवळजवळ पूर्ण वाजू द्यायचा आणि मग हळूच आवाज उतरवून दुसरं. बेसही त्याने कमी ठेवला होता, शब्द स्वच्छ ऐकू येत होते आणि सगळी मंडळी तोंडाने गात नाचत होती.

रात्री 10 ला स्पीकर बंद करावाच लागतो म्हणून साडेसहालाच सुरू करा आणि जेवण मध्ये नको शेवटी ठेवा हे पण त्यानेच सुचवलं. सुरुवात 80 च्या डिस्कोने केली, 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं लागल्यावर आईच्या कॉलेजच्या मैत्रिणी सगळ्यात आधी उठल्या. मग तो मागे मागे जात 1951 च्या 'अलबेला'पर्यंत आला. 'शोला जो भडके' सुरू झालं आणि काका, ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते मधोमध येऊन भगवानदादांची स्टेप करायला लागले, पाय जागच्या जागी, नुसते हात आणि खांदे, चेहऱ्यावर तेच हसू. ती स्टेप गुडघ्याला सोसते हो, उड्या नाहीत काही नाहीत! आजी खुर्चीत बसून हाताने ताल धरत होती, तिने डीजेला ते गाणं परत लावायला सांगितलं आणि त्याने एक शब्द न बोलता परत लावलं.

आता ड्रेपरीवाला. दुकानाचं नाव लिहीत नाही पण गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारं जुनं दुकान आहे. बॉबी प्रिंटचे, म्हणजे गोल ठिपक्यांचे, फ्रॉक आणि हेअरबँड छान होते, त्याचे दोन स्टार. बेलबॉटम मात्र चार सांगितल्या होत्या, तीनच आल्या, एकीची चेन तुटलेली, ती माझ्या नवऱ्याने आतून तीन सेफ्टी पिना लावून कशीबशी घातली आणि रात्रभर जपून नाचला. सगळ्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. वर परत करताना चेन तुमच्याकडेच तुटली म्हणून डिपॉझिटमधले 500 रुपये कापले, मला खरंच खूप राग आला. कपडे घेताना दुकानातच प्रत्येक चेन, हुक बघा आणि फोटो काढून ठेवा. किंवा सरळ आईच्या कपाटात बघा, बाबांचा लग्नातला रुंद कॉलरचा शर्ट तिथेच सापडला आणि भावजींना तो फिट बसला.

डीजेचे 12 हजार गेले, स्पीकर आणि लाईट धरून. बाबांच्या पंच्याहत्तरीला परत त्यालाच बोलावणार.